आरोग्य विम्याच्या हप्त्यावर करसवलत कशी घ्यावी, आणि ती नेमकी कोणाच्या कामाची

फेब्रुवारी उजाडला की विमा एजंटचे फोन सुरू होतात. "साहेब, एक लाखापर्यंत वजावट आहे, मार्चच्या आत पॉलिसी काढून टाका." हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. एक लाख ही उत्पन्नातून वजा होणारी कमाल रक्कम. खिशात त्यावरचा कर तेवढा वाचतो. आणि विवरणपत्र भरणारे बहुतेक जण आता नव्या, म्हणजे कमी दरांच्या पण बहुतेक वजावटी नसलेल्या, करप्रणालीत आहेत. तिथे ही वजावटच नाही.

म्हणून पॉलिसीच्या आधी करप्रणाली तपासा. ८० डी ची, म्हणजे आयकर कायद्याच्या त्या कलमाखालची आरोग्य विम्याची, वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण सगळ्यांच्या तोंडी 'एटी डी'च आहे, म्हणून इथेही तेच.) नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी मागून घ्यावी लागते.

मागून घेण्यात अर्थ आहे का, हे आकड्यांत पाहू. २०२५-२६ या आर्थिक वर्षात १५ लाख पगार असलेला चाळिशीतला माणूस धरा. स्वतःच्या कुटुंबाचा हप्ता २२ हजार, साठीपुढच्या आईवडिलांचा ४६ हजार. नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित (पगारदाराला सरसकट मिळणारी) वजावट जाऊन सेससकट कर होतो ९७,५०० रुपये. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८० सी चे (पीएफ, आयुर्विमा वगैरे गुंतवणुकीचे) दीड लाख आणि विम्याचे ६८ हजार वजा केले तरी कर १,८९,३८४ रुपये. जवळजवळ दुप्पट! गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख धरले तरी जुनी प्रणाली मागेच राहते. बरोबरी साधायला त्यावर घरभाडे भत्त्याची सुमारे सव्वा लाखाची सूट लागते. म्हणजे ज्याचं कर्जाचं घर एका शहरात आणि नोकरीपायी भाड्याची जागा दुसऱ्या शहरात, अशा माणसाला ८० डी खऱ्या अर्थानं उपयोगी. निव्वळ विम्याच्या वजावटीसाठी जुन्या प्रणालीत राहणं म्हणजे आपल्या हातानं जास्त कर भरणं.

जुनी प्रणालीच फायद्याची ठरली, तर पुढचं काम मर्यादा बसवण्याचं. स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं यांच्या हप्त्यासाठी २५ हजार. आईवडिलांसाठी वेगळे २५ हजार. ज्या गटात कोणी ६० किंवा त्याहून अधिक वयाचं असेल, तिथे २५ चे ५० हजार होतात. आईवडील तुमच्यावर अवलंबून असण्याची अट नाही. सासूसासरे, भाऊ-बहीण यात बसत नाहीत. पण सुनेनं स्वतःच्या आईवडिलांचा हप्ता भरला तर ती स्वतःच्या विवरणपत्रात वजावट घेऊ शकते, हे अनेक घरांत ध्यानातच येत नाही. प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीचे पाच हजारही मिळतात, मात्र या मर्यादेच्या आतच. वरच्या उदाहरणात स्वतःच्या गटात तीनच हजार शिल्लक आहेत, तेव्हा तेवढेच चालतील.

वय झालेल्या आईवडिलांचा विमाच नसेल तर? मधुमेह, हृदयविकार असला की कंपन्या नकार देतात किंवा हप्ता परवडत नाही. अशा वेळी ६० पुढच्या व्यक्तीच्या औषधोपचारांचा खर्चही ५० हजारांपर्यंत वजा करता येतो. औषधाच्या दुकानात रोख न देता यूपीआयनं पैसे द्यायची आणि बिल जपायची सवय लावा.

रोखीचा मुद्दा कडक आहे. हप्ता रोखीनं भरला तर वजावट गेली. सूट आहे ती फक्त तपासणीच्या खर्चाला. गावोगावी एजंट "तुम्ही माझ्याकडे द्या, मी ऑनलाइन भरतो" म्हणतो. नको. वजावट ज्याला घ्यायची आहे त्याच्या खात्यातूनच पैसे जाऊ द्या. बाबांची पॉलिसी, पैसे त्यांच्याच पेन्शनमधून आणि वजावट मुलाच्या विवरणपत्रात, असंही चालत नाही. दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल तर वजावट वर्षांमध्ये समान वाटली जाते. कंपनीनं काढलेल्या गट विम्यात तुमच्या पगारातून कापलेला भागच धरायचा.

हप्ता भरला की विमा कंपनीच्या संकेतस्थळावरून करवजावटीचं प्रमाणपत्र उतरवून घ्या आणि ऑफिसात गुंतवणुकीच्या पुराव्यांबरोबर द्या. तिथे राहून गेलं तर विवरणपत्रात दाखवता येतं. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक हाताशी असू द्या. पगारदाराला जुनी प्रणाली विवरणपत्र भरतानाच निवडता येते, पण ते मुदतीत भरायला हवं. उशीर झाला की नवी प्रणाली गळ्यात पडते आणि वजावट हातची जाते.

हिशेबाअंती ज्याला करच लागत नाही, त्याला ८० डी तून काहीही मिळत नाही. सवलतीची रचनाच तशी आहे: २५ हजारांच्या वजावटीवर ३० टक्क्यांच्या टप्प्यात ७,८०० रुपये वाचतात, २० टक्क्यांच्या टप्प्यात ५,२००, आणि करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर शून्य. माझ्या मते सामान्य घराला याहून मोठा दिलासा २२ सप्टेंबर २०२५ ला मिळाला. त्या दिवसापासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक) पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी गेला. २५ हजारांच्या मूळ हप्त्यावर हे ४,५०० रुपये झाले, तेही विवरणपत्र न भरता. फक्त रिन्यूअलची नोटीस आली की मागच्या वर्षीची शेजारी ठेवा आणि जीएसटीची ओळ सोडून मूळ हप्त्याची ओळ ताडून पाहा. तोच वाढला असेल तर सूट तिथेच मुरली. वाढीचं कारण लेखी मागा. ६० पुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला विमा नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागते. गट विम्यावर मात्र जीएसटी कायम आहे.

घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत, आणि नोंदणी आधारवर होते. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं.