खिशातला एलईडी लाईट: या चुका टाळा

तळहाताएवढा एलईडी लाईट आता हजार-दोन हजारांत मिळतो. मखराचे फोटो, फराळाच्या ऑर्डरींसाठी व्हॉट्सॲपवर टाकायचे फोटो, बारसं, घरगुती डोहाळजेवण, सगळीकडे तो कामाला येतो. तक्रारीही ठरलेल्या असतात. कपाळ चकाकतं, भिंतीवर काळीकुट्ट सावली पडते, मूर्तीचा रंग विचित्र दिसतो, फोटोत आडवे पट्टे येतात. मग माणूस जास्त वॉटचा लाईट शोधायला लागतो. वॉट कमी पडलेले असतात असं फार क्वचित घडतं. लाईट लांब असतो, उघडा असतो किंवा नको तिथे लावलेला असतो.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर लाईट

लाईटच्या खाली चपटा पाय असतो, कॅमेऱ्यावरच्या किंवा मोबाईलच्या क्लॅम्पवरच्या खाचेत तो अलगद बसतो, म्हणून सगळे तिथेच बसवतात. लेन्सच्या दिशेनेच उजेड पडला की चेहरा सपाट दिसतो, नाकाची-गालाची घडण जाते आणि चष्म्याच्या काचेवरचा, मागच्या तसबिरीवरचा उजेड सरळ लेन्समध्ये परततो. लाईट काढून घ्या. हातात धरा, छोट्या ट्रायपॉडवर लावा नाहीतर कुणाला तरी धरायला सांगा. माणसाचा फोटो असेल तर लाईट एका बाजूला ४५ अंशांवर आणि डोळ्यांपेक्षा थोडा वर असावा. टेबलावर ठेवून खालून उजेड टाकलात तर घरातला सगळ्यात गोड माणूसही भुताटकीच्या मालिकेतला वाटतो.

लांबून मारलेला उजेड

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर.

सावलीची कड तीक्ष्ण येणार की मऊ, हे लाईटच्या ताकदीवर ठरत नाही. फोटोतल्या वस्तूला तो लाईट केवढा दिसतो यावर ठरतं. मोबाईलएवढा लाईट चकलीच्या ताटापासून वीतभर अंतरावर असेल तर चकलीच्या दृष्टीने तो चांगला मोठा असतो. तोच दोन मीटरवर नेला की ठिपका होतो, आणि ठिपक्याचा उजेड कडकच पडतो. ‘लाईट फार हार्ड येतोय’ असं वाटलं की लोक तो मागे नेतात. करायचं नेमकं उलट: जवळ आणा आणि ब्राइटनेस कमी करा.

दुसरा हिशोब उजेडाच्या घसरणीचा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा होणं). समजा मूर्तीच्या मागे दीड मीटरवर भिंत आहे. लाईट मूर्तीपासून ३० सेंटीमीटरवर ठेवला तर भिंतीवर मूर्तीच्या जेमतेम छत्तिसावा हिस्सा उजेड पोचतो. मागची कॅलेंडरं, स्विचबोर्ड, वायरी सगळं अंधारात बुडतं. लाईट १.२ मीटरवर नेला तर भिंतीला पाचवा हिस्सा मिळतो आणि तो पसारा परत दिसायला लागतो. मागचा पडदा काळा हवा की उजळ, हे असं लाईटच्या अंतराने ठरवता येतं. त्यासाठी वेगळा काळा कपडा आणायची गरज नाही.

लाईटसोबत येणारी सिलिकॉनची पांढरी टोपी डिफ्यूजर, म्हणजे उजेड मऊ करणारी, म्हणून विकली जाते. ती लाईटच्याच आकाराची असते, त्यामुळे सावलीत फारसा फरक पडत नाही. एलईडीचे वेगवेगळे ठिपके एकत्र होतात इतकंच. खरा फरक पडतो तो लाईटपुढे वीतभर अंतरावर मोठा बटर पेपर धरल्यावर. उजेड पूर्ण कागदावर पसरला पाहिजे, कारण त्यानंतर तो कागदच तुमचा लाईट असतो. कागद लाईटला चिकटवला तर काहीच साधत नाही. उजेड निम्म्याहून कमी होतो हे खरं, पण जवळून काम करत असाल तर तो पुरतो.

आता ते चकलीचं ताट घ्या. वरून, समोरून लाईट टाकला तर चकलीचे काटे दिसतच नाहीत, नुसती तपकिरी वेटोळी दिसतात. लाईट ताटाच्या मागे डाव्या कोपऱ्यात, टेबलापासून थोडाच उंच ठेवा. प्रत्येक काट्याला स्वतःची छोटी सावली मिळते आणि भाजणीचा खरखरीतपणा डोळ्यांना जाणवतो. पुढची बाजू काळी पडली तर उजवीकडे पांढरा कार्डशीट उभा करा. मागून येणारा उजेड त्यावर आपटून परत येतो. दुसरा लाईट घ्यायचा खर्च वाचतो, आणि दोन लाईटच्या दोन सावल्याही पडत नाहीत. उकडीच्या मोदकाची वाफ हवी असेल तरीही लाईट मागेच हवा आणि पाठीमागे गडद काहीतरी. समोरच्या उजेडात वाफ दिसत नाही.

पितळ आणि चांदी

पितळी मूर्ती, समई, चांदीची भांडी यांच्यावर थेट लाईट टाकू नका. चकचकीत धातू आरशासारखाच असतो, समोर जे आहे ते दाखवतो. समोर छोटा लाईट असेल तर धातूवर छोटा पांढरा डाग आणि बाकी सगळा काळोख दिसतो. छपाईच्या दुकानात मिळणारा पांढरा सनबोर्ड भांड्याशेजारी उभा करा आणि लाईट त्या बोर्डावर टाका. भांड्यात बोर्डाचं प्रतिबिंब पसरतं आणि गोलाई उठून दिसते. पोलरायझर फिल्टरने काच आणि पाण्यावरची चकाकी कमी होते, पण धातूवरच्या सरळ परावर्तनावर तो एकटा चालत नाही. त्यावर पैसे घालण्याआधी हे लक्षात असू द्या.

समई, ट्यूबलाईट आणि एलईडी एकाच फोटोत

आपल्याकडच्या सणांच्या फोटोंची खरी डोकेदुखी ही. समईच्या ज्योतीचं रंगतापमान साधारण १९०० केल्विन, म्हणजे गडद नारिंगी. घरातली ‘कूल डेलाईट’ ट्यूब ६५०० केल्विनच्या आसपास, म्हणजे निळसर. खिशातला लाईट चालू केला की बहुधा ५६०० च्या आसपास असतो. तिन्ही एकत्र असताना ऑटो व्हाईट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप केलेला रंगांचा तोल, कुणाचीच बाजू नीट घेऊ शकत नाही: शाडूची मूर्ती निळी, पडदा पिवळा, आणि प्रत्येक फोटोत वेगळा रंग.

आधी ट्यूब बंद करा. मग लाईट त्याच्या सगळ्यात उबदार टोकाला, २७०० ते ३२०० केल्विनवर आणा आणि कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स हाताने ३८०० ते ४००० ला बांधून टाका. मूर्ती थोडी उबदार दिसेल आणि ज्योत त्याहून जास्त. समईचा उजेड डोळ्यांना जसा वाटतो त्याच्या हे बरंच जवळ जातं. मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्यात हे जमत नसेल तर प्रो मोड उघडा. आयफोनच्या मूळ ॲपमध्ये केल्विन लिहिता येत नाहीत, तिथे वेगळं कॅमेरा ॲप लागतं.

नंतर उजेडाचा तोल. लाईट जोरात असेल तर समई नुसती शोभेला राहते. लाईट इतका कमी करा की समईचा पिवळा उजेड मूर्तीच्या गालावर आणि सोंडेच्या बाजूने दिसायला लागेल. मात्र काही लाईट पाच-दहा टक्क्यांवर भराभर लुकलुकतात, आणि ते डोळ्यांना कळत नाही. तसं असेल तर ब्राइटनेस ३० टक्क्यांवर ठेवून बटर पेपरचे दोन थर लावा. लाईट मागे नेऊनही उजेड कमी होईल, पण मग सावली परत कडक होते.

आडवे पट्टे

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला तर प्रत्येक फोटोत पूर्ण आवर्तनं येतात आणि पट्टे जातात. मखराच्या काही स्वस्त माळा सेकंदाला ५० वेळाच पेटतात. तिथे १/५० किंवा त्याहून संथ शटर लागतो आणि ट्रायपॉडही. सायलेंट शटर चालू असेल तर तो बंद करून साध्या शटरवर या. सायलेंटमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे पट्टे ठळक होतात.

दोष कुणाचा हे शोधायचं असेल तर खोलीतलं सगळं बंद करा आणि फक्त खिशातल्या लाईटवर १/१००० ने दोन-चार फोटो काढा. एकदा पूर्ण ब्राइटनेसवर, एकदा अगदी कमीवर. नाहीतर मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये लाईटचा व्हिडिओ घ्या. दुकानात उभं राहूनही हे करता येतं. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

खोक्यावरचे आकडे

सीआरआय (लाईटखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ लिहिलं म्हणजे सगळे रंग खरे येतील असं नाही. ती ८ फिकट रंगनमुन्यांची सरासरी असते आणि गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. तो आर९ नावाने वेगळा दिला जातो, किंवा दिलाच जात नाही. कुंकू, जास्वंद, टोमॅटो, लाल पैठणी आणि माणसाची कातडी, सगळ्यांची भिस्त त्याच्यावर. आर९ लिहिलेला नसेल तर एकदा खिडकीच्या उजेडात आणि एकदा लाईटखाली तळहाताचा फोटो काढा. हात मेणासारखा किंवा हिरवट दिसला तर तो लाईट खाण्याच्या पदार्थांना आणि माणसांना वापरू नका. लक्सचा, म्हणजे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचा, आकडा वाचताना अंतरही वाचा. अर्ध्या मीटरवर मोजलेले १००० लक्स एक मीटरवर २५० च्या आसपास उरतात.

रंगीत मोडबद्दल थोडंच. शुद्ध लाल किंवा निळा रंग पूर्ण गडद ठेवला तर सेन्सरची एकच वाहिनी भरून ओसंडते आणि साडीची वीण, फुलाच्या पाकळ्या एकसंध डाग होतात. सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) ६०-७० वर आणा, एक्स्पोजर एक स्टॉप कमी करा. पांढरा उजेड हवा असेल तर लाल-हिरवा-निळा मिसळून तो बनवू नका, लाईटचा सीसीटी मोड, म्हणजे केल्विनमध्ये पांढरा उजेड देणारा मोड, वापरा.

फ्लॅशची अपेक्षा

कॅमेऱ्यावर लावायचा चांगला फ्लॅश पूर्ण ताकदीला साधारण ६०-७० ज्यूल ऊर्जा क्षणात ओततो. १० वॉटच्या एलईडीला १/१०० सेकंदाच्या शटरमध्ये मिळते ०.१ ज्यूल. त्यामुळे लेझीम खेळणारी पोरं या लाईटवर थिजवता येणार नाहीत, आणि दुपारच्या उन्हात चेहऱ्यावरच्या सावल्याही भरून निघणार नाहीत. थेट ऊन लाखभर लक्सचं असतं. उन्हात पांढरा कार्डशीट याहून जास्त कामाचा आणि दहा-वीस रुपयांत येतो.

एका ठिकाणी तर लाईट बॅगेतच राहू दे. मे अखेर ते जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजवे बघायला जाल तेव्हा. नर-मादी लुकलुकण्यातूनच एकमेकांना शोधतात, आणि कृत्रिम उजेडात ते खुणावणं बिघडतं. शेजारच्या ट्रायपॉडवाल्याचं तीस सेकंदांचं एक्स्पोजर वाया जातं ते वेगळंच.

लाईट मंद होतो, चार्ज होत नाही

पूर्ण ब्राइटनेसवर दहा-पंधरा मिनिटांत उजेड आपोआप उतरला तर लगेच बॅटरी खराब म्हणू नका. बरेच लाईट तापले की स्वतःला आवरतात. मागची बाजू कापडात किंवा फोममध्ये गुंडाळलेली नसावी, आणि दोन शॉटच्या मधे लाईट बंद करावा.

नवा लाईट सी-टू-सी (दोन्ही टोकांना टाइप-सी) केबलने चार्जच होत नसेल तर परत करण्याआधी जुनी ए-टू-सी केबल आणि साधा चार्जर लावून बघा. सी-टू-सी मध्ये चार्जर आधी समोरच्या उपकरणातले ठरावीक रेझिस्टर तपासतो. स्वस्त लाईटमध्ये पैसे वाचवायला ते गाळलेले असतात, मग चार्जर वीज सोडतच नाही. जुनी केबल असलं काही विचारत नाही.

दिवाळीनंतर लाईट रिकामा करून कपाटात टाकला तर पुढच्या गणपतीपर्यंत लिथियम बॅटरी इतकी खोल उतरते की ती चार्ज घेईलच याची खात्री नसते. निम्मी भरून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. विमानाने जाणार असाल तर लाईट केबिन बॅगेत घ्या. ४००० एमएएचची ३.७ व्होल्ट बॅटरी १४.८ वॉट-तासांची भरते, आणि मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, त्यामुळे वेगळी परवानगी लागत नाही. बटण दाबलं जाऊन तो बॅगेत पेटू नये म्हणून लॉक असेल तर लावा.