सरी कोणती, वरंबा कोणता? मंगळाची कक्षेतून घेतलेली चित्रं कशी वाचावीत

मंगळाचं चित्र उघडलं की लोक लगेच नावं द्यायला बसतात. ही टेकडी, हा नदीचा पाट, ही लाव्हाची भिंत. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी उंच काय आणि खोल काय एवढं नक्की करा. ते चुकलं तर पुढचं सगळं चुकतं, आणि ते चुकतंय हे तुमचे डोळे तुम्हाला सांगणार नाहीत.

तयारी सोपी आहे. जेमार्स हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या आणि त्यात मंगळ निवडा.

सुरुवात दुरून करा. ‘सगळ्यात स्पष्ट चित्र आधी बघा’ हा सल्ला जिथे तिथे मिळतो आणि तो चुकीचा आहे. मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर हे यान 2006 पासून मंगळाभोवती फिरतंय. त्याच्या हायराइज कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण 30 सेंटिमीटर, पण एका चित्रात येणारा जमिनीचा पट्टा जेमतेम 6 किलोमीटर रुंद. त्याच यानावरच्या सीटीएक्स कॅमेऱ्याचा ठिपका 6 मीटरचा आणि पट्टा 30 किलोमीटर रुंद. आधी सीटीएक्स. तापीकाठच्या घळीत उभं राहून तापी कुठून कुठे वाहते ते कळत नाही, तसंच हे.

आता खरी अडचणीची पायरी, म्हणजे ऊन कुठून येतंय ते ठरवणं.

आपला मेंदू उजेड वरून येतो असं धरून चालतो. चित्रात उजेड खालून आला की खड्डा फुगवट्यासारखा दिसतो आणि दरी डोंगराच्या कण्यासारखी. पटत नसेल तर घरचाच डोंगर बघा. तोरणमाळच्या परिसराचं डिसेंबर-जानेवारीतलं उपग्रहचित्र उत्तर दिशा वर ठेवून उघडा. सकाळच्या चित्रात सूर्य आग्नेयेला, म्हणजे उजेड चित्राच्या खालच्या बाजूने. सातपुड्याच्या दऱ्या अनेकांना चक्क उंच धारांसारख्या दिसतात. तिथे नाल्याच्या पाण्यावरून चूक सापडते, कारण पाणी धारेवरून वाहत नाही. मंगळावर ती सोय नाही. किंवा नुकत्याच सऱ्या पाडलेल्या शेताचा गच्चीवरून संध्याकाळी फोटो काढा आणि मोबाइल उलटा धरा. सरीचा वरंबा होतो, वरंब्याची सरी.

हायराइजच्या प्रत्येक चित्राच्या माहितीत सूर्याच्या दिशेचा कोन दिलेला असतो. मी इथेच फसलो. तो कोन मी होकायंत्रासारखा उत्तरेपासून मोजला. आकडा दोनशेच्या आसपास होता, म्हणून ऊन दक्षिणेकडून, चित्राच्या खालून येतंय असं धरलं. प्रत्यक्षात तो कोन चित्राच्या उजव्या कडेपासून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. म्हणूनच नकाशावर बसवलेल्या, म्हणजे उत्तर वर ठेवलेल्या चित्रात उत्तरेचा कोन 270 लिहिलेला असतो; तसं मोजलं की डावी बाजू 180 आणि वरची 270. ती ओळ मी वाचली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. ऊन डावीकडून, म्हणजे पश्चिमेकडून होतं.

परिणाम काय झाला ते सांगतो, कारण ही चूक लगेच पकडली जात नाही. वायव्येकडून आग्नेयेकडे जाणाऱ्या घळी मला घळीच दिसल्या. ईशान्येकडून नैऋत्येकडे जाणाऱ्या घळी मात्र उंच, सरळ भिंतींसारख्या दिसू लागल्या. मी धुळ्याचा. साक्री-नंदुरबारकडे बेसाल्टाच्या भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या डाइक लहानपणापासून पाहिलेल्या, माळावर मैलोन् मैल भिंत घातल्यासारख्या. मंगळाचा दगडही मुख्यतः बेसाल्ट. मग काय, मी तीन आठवडे मोठ्या आनंदाने ‘डाइक’ आखत बसलो. नकाशा अर्धा बरोबर, अर्धा उलटा. शेवटी एका भिंतीच्या माथ्यावर वाळूच्या लाटा ओळीने साचलेल्या दिसल्या. अरुंद धारेवर वाळू अशी का साचेल? ती घळीच्या तळाशी होती. सगळा नकाशा पुसला.

म्हणून माझा नियम: कोनाचा आकडा वाचा, पण विश्वास विवरावर ठेवा. जवळपासचं एक लहान, धारदार कडेचं उल्कापाताचं विवर शोधा. ते खड्डाच असतं, त्यात शंका नको. त्याची आतली जी बाजू उजळली असेल, तिच्या समोरच्या दिशेने ऊन येतंय. हे यान मंगळाच्या विषुववृत्तावरून साधारण तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास जातं, त्यामुळे ध्रुवाजवळचे प्रदेश सोडले तर नकाशावर बसवलेल्या हायराइज चित्रात उजवी भिंत उजळलेली हवी. नसेल तर ते चित्र नकाशावर बसवलेलं नाही. विवरानंतर दुसरी साक्ष काढा. दरडीचे दगड उताराच्या पायथ्याशी जमतात, वाळू सखल जागी थांबते. दोन साक्षी जुळल्याशिवाय पेन उचलू नका.

‘चित्र 180 अंशांत फिरवलं की झालं’ असंही सांगतात. डावीकडच्या उजेडाला त्याने काय होणार? तो उजवीकडून येईल, एवढंच. डोळ्याला मदत हवी असेल तर चित्र घड्याळाच्या दिशेने 45 अंश फिरवा, उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येईल. बघून झालं की पुन्हा उत्तर वर करा. फिरवलेल्या चित्रावर दिशा कधीच लिहू नका.

काळी वाळू आणि सावली यांतही गल्लत होते. सावली प्रत्येक उंचवट्याच्या एकाच बाजूला पडते, वाळू वाटेल तिथे असते. 1976 मध्ये व्हायकिंग 1 या यानाने मंगळाच्या सिडोनिया भागात टिपलेला, माणसाच्या तोंडासारखा दिसणारा तो प्रसिद्ध ‘चेहरा’ कलत्या उन्हातल्या सावल्यांचा होता. 2001 मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने जास्त स्पष्ट चित्र घेतलं आणि तिथे झिजलेली सपाट माथ्याची टेकडी दिसली.

उजेड पक्का झाल्यावरही एखादा वळणावळणाचा नदीचा पाट वरंब्यासारखा उभा दिसला, तर आता मात्र तो खरा असू शकतो. पात्रातला गाळ घट्ट होऊन दगड झाला, आजूबाजूची मऊ माती वाऱ्याने नेली आणि पात्र वर राहिलं. एबर्सवाल्डे विवरातल्या त्रिभुज प्रदेशात असे पाट आहेत. डाइक उभ्या राहतात त्या याच कारणाने.

रंगांकडे फार लक्ष देऊ नका, ते मुद्दाम वाढवलेले असतात. निळं म्हणजे पाणी नव्हे.

उंची सावलीवरून काढा, पण सावली सपाट जमिनीवर पडलेली हवी. सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या क्षितिजापासूनच्या कोनाचा टॅन्जंट. सूर्य 30 अंश वर आणि सावली 100 मीटर असेल, तर उंची सुमारे 58 मीटर. माहितीत आपाती कोनही असतो, तो डोक्यावरच्या बिंदूपासून मोजलेला, इथे 60. तो चुकून घातला तर उत्तर 173 मीटर येतं.

वहीत प्रत्येक भूरूपापुढे चित्राचा क्रमांक, उजेडाची दिशा आणि ‘उंच की खोल, कशावरून’ असा एक रकाना ठेवा. माझ्या वहीत त्या रकान्यात बहुतेक वेळा ‘विवर, वाळू’ एवढंच लिहिलेलं असतं.