लाल विंचू कसा ओळखावा, कुठे शोधावा

विंचू केवढा आहे यावरून त्याचं विष ठरवू नका. कोकणात आणि देशावर आढळणारा लाल विंचू, शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस, शेपटीसकट जेमतेम ५ ते ९ सेंमी भरतो. काळा इंगळी विंचू त्याच्याहून दांडगा दिसतो, पण त्याचं विष सौम्य. जीव जातो तो या लहानग्यामुळे.

आधी चिमटे पाहा. लाल विंचवाचे चिमटे बारीक, लांबट असतात आणि शेपटी त्यामानाने जाड. इंगळीचं उलट: चिमटे गुबगुबीत, शेपटी बारीक. रंगावर फार विसंबू नका, तांबूस तपकिरीपासून पिवळटापर्यंत छटा सापडतात. पिल्लंही फिकी असतात.

दिवसा तो जांभ्या दगडाखाली, सुट्या सालीखाली, लाकडांच्या ढिगात किंवा भिंतीच्या फटीत दडतो. दगड उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उलटा, म्हणजे विंचू आणि पाय यांच्यात दगड राहतो. बोटं खाली घालायची नाहीत. आकडा किंवा काठी वापरा. पाहून झालं की दगड होता तसाच ठेवा. खालचा ओलावा गेला तर ती जागा पुन्हा वस्तीलायक व्हायला वेळ लागतो.

रात्री शोधणं सोपं. अतिनील टॉर्चखाली विंचू हिरवट निळा चमकतो. ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च घ्या. ३९५ च्या टॉर्चचा जांभळा उजेडच इतका पडतो की चमक त्यात बुडते. चांदण्या रात्री विंचू कमी बाहेर पडतात, म्हणून अंधारी रात्र निवडा. नुकतीच कात टाकलेला विंचू जवळजवळ चमकत नाही, तेव्हा चमक नाही म्हणजे विंचू नाही असं धरून चालू नका. सापडल्यावर साधा टॉर्च लावा, कारण अतिनील उजेडात सगळेच एका रंगाचे दिसतात. घोट्यावरचे बूट हवेतच.

डंख झाला तर दाब देऊन बांधू नका, चिरू नका. घाम सुटणं, उलटी, हातपाय गार पडणं ही धोक्याची खूण, आणि लहान मुलांत ती झपाट्याने वाढते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच विषावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. ते औषध रक्तदाब उतरवतं, म्हणून घरी स्वतःहून देऊ नये. लक्षणांची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. विंचू पकडून नेण्यात वेळ घालवू नका.