रस्त्यावरचा जलसेतू: आवर्तनाआधीची पाहणी आणि गळतीची दुरुस्ती

जलसेतू, म्हणजे कालव्याचं पाणी रस्त्यावरून पलीकडे नेणारा पूल, गळतोय अशी ओरड होते ती खालच्या रस्त्यावर पाणी पडायला लागल्यावर. दुचाकी शेवाळावरून घसरते, डांबर उखडून खड्डा पडतो, एसटीची वाट बघणारे भिजतात. पण ट्रफच्या (पुलावरची पाणी वाहून नेणारी काँक्रीटची पन्हाळ) सांध्यातून ठिबकणाऱ्या पाण्याने सहसा कालवा फुटत नाही. फुटतो तो दोन्ही टोकांना, जिथे मातीचा भराव काँक्रीटला भिडतो तिथे. म्हणून पाहणी टोकांपासून सुरू करा, ट्रफ नंतर.

रब्बी हंगाम 15 ऑक्टोबरला सुरू होतो. सांध्याच्या कामाला कोरडा कालवा आणि नंतर भरलेला माल पक्का व्हायला सात दिवस लागतात, त्यामुळे आवर्तनाचं पाणी (कालव्याला ठराविक दिवस सोडतात ते) सुटायच्या निदान पंधरा दिवस आधी कामाला लागा. आत उतरण्यापूर्वी वरचं गेट बंद करून कुलूप घातलंय याची खात्री करा. ट्रफ कालव्यापेक्षा अरुंद, म्हणून पाणी तिथे जोरात वाहतं, आणि गुळगुळीत भिंतीला हाताला धरायला काही मिळत नाही. वाहत्या पाण्यात तिथे कोणी उतरू नये, पट्टीचा पोहणारासुद्धा.

भराव आणि विंग वॉल

विंग वॉलच्या (भराव धरून ठेवणारी टोकाची भिंत) मागे आणि अबटमेंटच्या (ट्रफला टोकाशी आधार देणारं बांधकाम) कडेने चालत जा. खेकड्याची बिळं, घुशींनी उकरलेली माती, काँक्रीट आणि भराव यांच्यामधली फट, भरावाच्या पायथ्याशी एकाच जागी हिरवंगार वाढलेलं गवत या चारही गोष्टी लिहून ठेवा. गवत हिरवं म्हणजे आत पाणी मुरतंय. आवर्तन चालू असताना याच जागा पुन्हा बघा. झिरपणारं पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर ते भरावातली माती घेऊन येतंय. तेव्हा पाहणी करत बसू नका, कालवा निरीक्षकाला फोन करून विसर्ग टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगा. एकदम पाणी तोडलं तर कालव्याच्या अस्तरामागचं अडकलेलं पाणी अस्तराचे तुकडे पाडतं.

दुरुस्ती करताना बिळावर वरून माती लोटून भागत नाही. कोरड्या कालव्यात बिळाचा माग काढत खोदा, टणक माती लागेपर्यंत. मग 15 सेंटिमीटरचे थर टाकून प्रत्येक थर धुमसाने कुटा. ओल इतकीच हवी की मुठीत दाबल्यावर मातीचा लाडू वळावा, पण हाताला चिखल लागू नये. नुसती काळी कपाशीची माती वापरू नका. दोन आवर्तनांच्या मधल्या काळात ती वाळून भेगाळते आणि पहिलं पाणी त्या भेगेतूनच वाट काढतं. काँक्रीटलगत न फुगणारी चिकट माती भरा, बाहेरून मुरूम.

ट्रफचा सांधा

सांध्यात सिमेंट भरायची खोड जुनी आहे आणि दर वर्षी फसते. 15 मीटरचा गाळा (दोन आधारांमधला ट्रफचा भाग) डिसेंबरच्या पहाटे आणि मेच्या दुपारी सारख्या लांबीचा नसतो; काँक्रीटच्या तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर साडेचार-पाच मिलिमीटरने कमी-जास्त होतो. सिमेंट ताणलं जात नाही, तडकतं.

जुना माल छिन्नीने पूर्ण काढा, तारेच्या ब्रशने दोन्ही कडा घासा, धूळ फुंकून काढा. फटीत फोमची दोरी दाबून बसवा, म्हणजे सीलंट (फट बुजवणारा लवचिक माल) फटीच्या तळाला न चिकटता फक्त दोन्ही कडांना चिकटेल. तिन्ही बाजूंना चिकटलं तर हालचालीत फाटतं. कडांना प्रायमर लावून दोन भागांचं पॉलिसल्फाइड सीलंट भरा: ट्रफच्या तळाला ओतायचं, भिंतींना गनने भरायचं. खोली रुंदीच्या निम्मी. 2 मीटर रुंद आणि दीड मीटर उंच भिंतींच्या ट्रफला एका सांध्याची लांबी 5 मीटर होते. फट 25 मिलिमीटर आणि थर 12 मिलिमीटर धरला तर दीड लिटर, वाया जाणारं धरून पावणेदोन लिटर आणा. ओल्या सांध्यावर हे काम करूच नका. ब्रिटिशकालीन दगडी बांधकाम असेल तर गोष्ट वेगळी: तिथल्या दरजा (दगडांमधल्या फटी) चुन्यानेच भरा, कडक सिमेंटने दगडाच्या कडा फुटतात.

आवर्तन चालू असताना बारीक फट गळायला लागली तर सांध्याच्या जरा वर, काठावरून, लाकडाचा भुसा आणि चाळलेली राख थोडी थोडी सोडतात. पाण्याच्या ओढीने ती फटीत जाऊन बसते. हा उपाय आवर्तनापुरताच.

गळती मोजायची तर खाली बादली धरा. 10 लिटरची बादली 20 सेकंदांत भरत असेल तर दिवसाला 43,200 लिटर जातात, 20 दिवसांत साडेआठ लाखांच्या वर. 75 मिलिमीटर पाण्याच्या एका पाळीला हेक्टरी साडेसात लाख लिटर लागतात. पाणी वापर संस्थेच्या बैठकीत हा हिशोब मांडला की पैशाचा विषय लवकर मिटतो.

खालची बाजू

ट्रफच्या तळावर हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतून कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) सुटलंय, आणि ते खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडू शकतं. गंजाचे तांबूस ओघळ, उघडी सळई, पांढरे क्षार यांच्या जागा खडूने आखून फोटो काढा.

रस्त्यापासूनची उंची दर डांबरीकरणानंतर नव्याने मोजा. साडेपाच मीटर मोकळी हवी; 5 सेंटिमीटरचा प्रत्येक नवा थर ती खातो, आणि फलकावर मात्र जुनाच आकडा राहतो. गळीत हंगामात वर रचलेल्या उसाच्या ट्रॉल्या नेमक्या तिथे अडतात. ट्रफला कडेने ठोकर बसली असेल तर बेअरिंग (ट्रफ खांबावर टेकतो ती बैठक) सरकलंय का ते बघा. रस्ता बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा, ट्रफ जलसंपदाचा. पत्र दोन्हीकडे द्या, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

काठावर विटा किंवा वाळूच्या गोण्या रचून जादा पाणी नेऊ देऊ नका. 2 मीटर रुंद ट्रफमध्ये 1.2 मीटर पाणी म्हणजे 15 मीटरच्या एका गाळ्यावर 36 टन. 15 सेंटिमीटर वाढलं की आणखी साडेचार टन. निर्माल्य, प्लास्टिक, गवत तोंडाशी अडकलं तरी आधी तुंबून ट्रफच्या अलीकडचा भरावच ओलांडला जातो, म्हणून पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तोंडाशी दाताळं घेऊन माणूस उभा हवा.