बोर्डिंग पास मोबाईलमधे आहे? मग सिक्युरिटीच्या लाईनीत लागायच्या आधी एवढं करा

गेल्या दिवाळीनंतर आईला पहिल्यांदाच विमानानं न्यायलो होतो. मी, बायको आणि आई, तिघांचं वेब चेक-इन (म्हणजे नेटवरून आधीच हजेरी लावून पास काढणं) मीच केलं आणि तिघांचे पास माझ्याच मोबाईलमधे ठेवले. बाहेरच्या गेटवर काहीच अडचण नाही, एका फोनवर तीन पास आणि तीन आधार कार्ड दाखवले की आत. घोळ झाला सिक्युरिटीला. तिथं लेडीजची लाईन वेगळी, माझा मोबाईल ट्रेमधून मशीनमधे गेलेला, आणि तिकडं आई पडद्याच्या केबिनपाशी उभी, ती जवान ताई पास मागायली अन् आई नुसती माझ्याकडं बघायली. चपला कुणी काढा म्हणलं नव्हतं तरी देवळात काढतात तशा काढून हातात धरलेल्या. मला पलीकडं जाऊ देईनात, फोन बेल्टवर अडकलेला. पाचेक मिनिटांचाच मामला होता पण तिचा चेहरा बघून माझ्या पोटात कालवलं. म्हणून सविस्तर लिहायलोय, कारण आता आपल्या परभणी, जालना, बीडकडून लई लोक आईवडिलांना घेऊन चिकलठाण्याहून (संभाजीनगरचं विमानतळ) नाहीतर हैद्राबादहून विमानानं जायलेत.

तर पहिली गोष्ट, ज्याचा पास त्याच्याजवळ. बायकोचा तिच्या फोनवर, पोराचा पोराच्या फोनवर. म्हातारं माणूस असेल, साधा फोन वापरत असेल तर सरळ कागद द्या. घरी प्रिंटर नसला तर गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून काढा, नाहीतर एअरपोर्टवर किऑस्क मशीन असतं, पीएनआर, म्हणजे तिकिटावरचा बुकिंग नंबर, टाकला की पास बाहेर येतो. आणि काउंटरवर छापून मागितला तर त्याचे जास्तीचे पैसे घेता येत नाहीत, विमान मंत्रालयानं जुलै 2022 मधेच कंपन्यांना तसं सांगितलेलं आहे, त्यामुळं मागायला लाजू नका. फक्त काउंटर देशातल्या फ्लाईटला साधारण तासभर आधी बंद होतो, तेवढं धरून निघा.

दुसरं, तिकीट आणि बोर्डिंग पास एक नाही. लई जणांची इथंच गफलत होते. बुकिंग केल्यावर मेलवर जी पीडीएफ येते ते तिकीट, त्याच्यावर बाहेरच्या गेटातून आत सोडतात पण सिक्युरिटीला ते चालत नाही. चेक-इन केल्यावर जे येतं, ज्याच्यावर सीट नंबर आणि चौकोनी बारकोड असतो, तो पास.

आता तो पास फोनमधे कसा ठेवायचा. ॲपमधे उघडू म्हणून भरवशावर राहू नका, आत गर्दीत नेट चालत नाही, ॲप ओटीपी मागत बसतं. पीडीएफ डाउनलोड करा, वर एक स्क्रीनशॉट काढून ठेवा. घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटोची क्वालिटी कमी होते आणि बारीक बारकोड पुसट झाला की मशीन वाचत नाही. आणि तो स्टेटसला तर अजिबात ठेवू नका! त्या बारकोडमधे तुमचं नाव आणि पीएनआर दोन्ही असतं, तेवढ्यावर दुसरा कुणी तुमचं बुकिंग उघडू शकतो.

लाईनीत लागलात की पास उघडून ब्राइटनेस फुल करा, स्क्रीन फुटलेली असेल तर बारकोड झूम करून चांगल्या भागावर आणा. आत जाताना पास स्कॅन होतो किंवा जवान बघतो, ते झाल्यावरच फोन ट्रेमधे टाका, आधी नाही. पाकीट, बेल्ट, घड्याळ ट्रेमधे, लॅपटॉप आणि पॉवर बँक बॅगेतून बाहेर काढून वेगळे. मग अंगाची तपासणी. कागदी पास असेल तर काही ठिकाणी तिथंच त्याच्यावर शिक्का मारतात, म्हणून कागद ट्रेमधे न टाकता हातात ठेवायचा, आईला मी हेच दहा वेळा सांगितलं परतीच्या वेळी.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, काउंटरवर जमा करतो त्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, आणि 100 वॉट-अवरच्या आतली, म्हणजे साधारण 27,000 एमएएचपर्यंत. पण ती नक्की घ्या, कारण परभणीहून एअरपोर्टला पोचेपर्यंत चार तास मॅप आणि गाणी चालू असतात आणि पोचेपर्यंत फोन 8 टक्क्यावर आलेला असतो. फोन बंद पडलाच तर घाबरायचं नाही, ओळखपत्र घेऊन त्याच कंपनीच्या काउंटरवर जायचं आणि पास छापून घ्यायचा.

डिजीयात्राचंही विचारतात बरेच जण. पुणे, मुंबई, हैद्राबादला चालतं, ॲपमधे आधार जोडायचं, पास अपलोड करायचा, मग गेटवर चेहरा बघून दार उघडतं. तिकिटावरचं आणि आधारवरचं नाव मात्र सारखं पाहिजे. आणि चेहऱ्यावर दार उघडलं तरी पास पुसून टाकू नका, पुढं विमानाच्या गेटवर लागू शकतो.

परत येताना आईच्या पर्समधे घडी घातलेला कागदी पास होता, आधार कार्डाला रबर लावून जोडलेला. ती आमच्या आधी पलीकडं जाऊन बाकड्यावर बसली होती, चपला पायातच होत्या.