नवा गिझर, चिऱ्याचं घर आणि ‘उद्या येतंय’ म्हणणारा मिस्त्री: या चुका टाळा

गेल्या चतुर्थीला घरात १४ माणसं होती आणि गरम पाणी फक्त न्हाणीतल्या तांब्याच्या भाण्यात. स्लॅबवर पाणी तापवायचा २०० लिटरचा नवा सोलर, बाथरूममध्ये २५ लिटरचा नवा गिझर, आणि आई पहाटे मागच्या दारी सुक्या झावळ्या मोडून चूल पेटवत होती. “तुझ्या त्या डब्यांपेक्षा आमचा भाणा बरा,” एवढंच म्हणाली. त्यापुढे बोलायला मला तोंड नव्हतं.

घर देवगड तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. दोन्ही वस्तू एप्रिलमध्ये एकाच कंत्राटदाराकडून बसवून घेतल्या. तो म्हणाला, सगळं एकदम करून देतो, तुम्ही मुंबईला बिनघोर जावा. मी बिनघोर गेलो, ही पहिली चूक. नंतर कंपनीचा माणूस कणकवलीहून आला, तासभर सगळं उघडून बघितलं आणि म्हणाला, गिझरची कॉइल सोडली तर मशीन दोन्ही चांगली आहेत, बसवलीत चुकीची. त्या तासाभरात आणि पुढच्या वर्षभरात जे कळलं ते लिहितो आहे. त्यातलं बरंचसं पुण्याच्या फ्लॅटमध्ये लागू होणार नाही.

पाणी न बघता टाकी घेतली

शहरात गिझर बिघडला की पहिला शब्द येतो ‘हार्ड वॉटर’. आमच्या कंत्राटदारानेही सॉफ्टनर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. पण जांभ्यातल्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र खडकातल्या, विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊच असतं. साबणाला फेस चांगला येतो, भांड्यात पांढरा थर बसत नाही. ते किंचित आम्लधर्मी असतं, म्हणजे थर चढवण्याऐवजी धातू खातं. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांतून सकाळी पहिलं पाणी तांबडं येतं ते त्यामुळेच.

खाडीकाठची गोष्ट आणखी वेगळी. पावसाळ्यात विहीर गोडी असते. एप्रिल-मेमध्ये पातळी खाली जाते, वर पंप चालूच असतो, आणि गोड्या पाण्याने रेटून धरलेलं खारं पाणी आत सरकतं. त्यातलं क्लोराइड स्टीलच्या टाकीला वेल्डिंगच्या जागी टाचणीएवढी भोकं पाडतं. सॉफ्टनरचा इथे काही उपयोग नाही. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, क्लोराइडला हातही लावत नाही.

म्हणून पाणी तपासायचं ते मे महिन्यात. चतुर्थीला घेतलेला नमुना सुंदर येतो आणि काही सांगत नाही. सरकारी प्रयोगशाळेत पीएच (पाणी आम्लधर्मी किती ते), क्लोराइड, लोह आणि टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) एवढं मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. तुमचा मेमधला आकडा त्याच्या बराच वर असेल तर साध्या स्टीलपेक्षा आतून काचेचा लेप असलेली टाकी घ्या. अशा टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीऐवजी स्वतः झिजत राहायचं, हेच तिचं काम. खाऱ्या पाण्यात ती लवकर संपते, त्यामुळे दर वर्षी उघडून बघायची. आमच्या कंत्राटदाराला अशी कांडी असते हेच ठाऊक नव्हतं. आणि वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचा. पाण्यामुळे झालेलं नुकसान बऱ्याच कार्डांत बारीक अक्षरांत वगळलेलं असतं.

ट्रिप होतंय म्हणून आरसीसीबी काढून टाकला

या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला माफ करणार नाही.

जूनमध्ये गिझर लावला की अख्ख्या घराचा करंट जाऊ लागला. आईने त्याला बोलावलं. तो आला (तेव्हा अजून येत होता), बोर्डातला आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) काढून तारा थेट जोडल्या आणि म्हणाला, “आता कायेक होणा नाय.” आरसीसीबी ट्रिप होतो कारण करंट कुठेतरी गळतो आहे. ३० मिलिॲम्पियरची गळती दिसली की तो तोडतो, आणि ओल्या अंगाने नळ धरलेल्या माणसाला वाचवणारी बाथरूममधली शेवटची वस्तू तीच. गळती होती गिझरच्या कॉइलमध्ये. ती बदलायला अर्धा तास लागला असता. जवळजवळ तीन महिने आई त्या बाथरूममध्ये आंघोळ करत होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

त्यात अर्थिंग नावालाच. सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभा दीड-दोन फुटांवर लागतो. तिथे सळई ठोकून ठेवली की पावसात ठीक, उन्हाळ्यात खडक कोरडा पडतो आणि अर्थिंग कामातून जातं. खड्डा खोल हवा, कोळसा-मीठ किंवा तयार रासायनिक मिश्रण हवं, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला हवं. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे अर्थिंग आहे असं होत नाही.

२ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळजवळ ९ ॲम्पियर ओढतो. त्याला स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), बोर्डापासून थेट वेगळी वायर आणि १६ ॲम्पियरचा सॉकेट लागतो. आमच्याकडे तो पडवीच्या दिव्याच्या लाइनवर जोडला होता.

आणि एक तक्रार अशी, जिच्यात दोष कोणाचाच नसतो. ‘पाणी तापतच नाही.’ सणासुदीला वाडीतली सगळी घरं उघडतात, लाइनच्या शेवटच्या घरांत व्होल्टेज १८० पर्यंत घसरतं. व्होल्टेज निम्मं झालं तर उष्णता पावपट होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गावर चालते. १८० ला तुमचा २ किलोवॅटचा गिझर सव्वा किलोवॅटच्या आसपास येतो. २५ लिटर पाणी साध्यावरून ६० अंशांवर न्यायला एरवी अर्धा तास लागतो, तिथे पाऊण तास लागेल. गिझर बदलू नका, तासभर आधी लावा.

व्हॉल्व्ह गळतो म्हणून बूच मारलं

गिझरखालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब थेंब पाणी पडतं. पाणी तापून फुगतं, जादा दाब बाहेर जातो, एवढंच ते. फरशी ओली होते म्हणून काही प्लंबर तिथे बूच ठोकतात. मग थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की करंट तोडणारा भाग) अडकला तर भिंतीवर बॉम्ब टांगलेला आहे असं समजा. सतत धार लागली तर व्हॉल्व्ह बदला, त्यात गंजाचा कण अडकलेला असतो. बारीक नळी लावून ते पाणी मोरीत सोडा.

भिंतीचं थोडक्यात सांगतो. पाण्यासकट गिझर ३५ किलोच्या आसपास जातो, आणि चिऱ्यात, म्हणजे भिंतीच्या जांभ्या दगडात, मुळातच भोकं असतात. फास्टनर आवळला की आतला जांभा भुगा होऊन पडतो. आरपार बोल्ट आणि मागून पट्टी, नाहीतर तेवढ्या जागी चिरा काढून काँक्रीट भरणं, एवढेच दोन उपाय मला पटले.

सोलर स्लॅबवर ठेवला, पण टाकी खालीच

काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये पंप नसतो. गार पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं, तापलेलं वर चढतं. म्हणून गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा आणि हवेची उभी नळी गार पाण्याच्या टाकीहूनही उंच. आमच्याकडे दोन्ही टाक्या शेजारी शेजारी स्लॅबवर. सोलर कधी पूर्ण भरलाच नाही, आणि नळाला करंगळीएवढी धार. लोखंडी घोडी करून टाकी वर नेली आणि अडचण मिटली.

पुढची चूक खास आपल्याकडची. रात्री लाइट जाते, पंप चालत नाही, टाकी रिकामी होते. दुपारी लाइट येते आणि कोणीतरी पंप लावतं. तोवर उन्हात कोरड्या नळ्या भयंकर तापलेल्या असतात, गार पाणी शिरलं की तडकतात. पाणी संपलं असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा किंवा पहाटे भरा. गरम पाण्याला साधा पांढरा पीव्हीसी पाइप वापरलेला दिसला तर तिथेच काम थांबवा. तो मऊ होऊन वाकतो. गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी हवा, आणि उन्हात असेल तर त्यावर आवरण हवं.

बसवणारा उभ्या-उभ्या दक्षिण दाखवतो, पण वर माड आहे का बघत नाही. सावली एक वेळ परवडली, नारळ नाही. स्टँड रंगवलेल्या अँगलचं नको, खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे काढत नाही. जाड गॅल्व्हनाइझ्ड घ्या आणि स्लॅबमध्ये पक्कं बांधा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा घरांचे पत्रे कुठल्या कुठे गेले होते. नुसत्या विटांच्या आधारावर ठेवलेल्या सोलरचं काय होईल ते समजून घ्या. आणि जून ते सप्टेंबर सोलर तापवेल ही आशा सोडा. त्यासाठी टाकीत विजेची कॉइल आधीच बसवून घ्या.

गॅस गिझरबद्दल एकच. तो बंद बाथरूमच्या आत नको म्हणजे नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पावसाळ्यात ओल येते म्हणून आपण खिडक्या लावून घेतो आणि माणूस आत बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर पडवीत, पाइप आत.

आणि तो कंत्राटदार

तो लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याने एप्रिलमध्ये एकाच वेळी बरीच घरं घेतली होती, कारण सगळ्या चाकरमान्यांना मेपर्यंत काम हवं असतं. जूनमध्ये लावणी, मग पाऊस, मग चतुर्थी. फोन उचलायचा, नाही असं नाही. दर वेळी “दादानू, उद्या येतंय.” जोर माझ्याकडे काहीच नव्हता, कारण पैसे मी पूर्ण देऊन बसलो होतो.

आता मी असं करतो. सामान मी स्वतः बिलावर घेतो, माझ्या नावाने. कंत्राटदाराला फक्त मजुरी: निम्मी काम सुरू होताना, थोडी फिटिंग झाल्यावर, आणि चौथा हिस्सा घरातल्या सगळ्यांच्या एका सकाळच्या आंघोळी एकामागून एक झाल्यावर. रिकाम्या घरात नळ सोडून दाखवतात ती चाचणी नव्हे. काम शक्यतो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढा. माणसं मोकळी असतात आणि बिघाड दाखवायला पुढे पाच महिने कोरडे मिळतात. भिंत बुजवायच्या आधी पाइप आणि वायरींचे फोटो मागवा. कंपनी फिटिंग करून देत असेल तर तिच्याच माणसाकडून करा, आणि वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का पडल्याशिवाय त्याला चहा देऊ नका.

एवढं करूनही फसलात तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक सोय आपल्यासारख्यांच्या कामाची आहे. काम गावात झालं असलं तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे ठाण्यात राहणाऱ्याला सिंधुदुर्गच्या जिल्हा मुख्यालयात, ओरोसला, खेपा घालायला नकोत. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. मात्र बिल लागतं. माझ्याकडे वहीच्या कागदावर ‘सोलर + गिझर, मिळाले’ एवढंच लिहिलेलं होतं. तरी तो कागद, आरसीसीबी काढलेल्या बोर्डाचा फोटो आणि फोनवरचे निरोप जोडून कंत्राटदाराला रजिस्टर पत्र पाठवलं. आठव्या दिवशी कॉइल, आरसीसीबी आणि मिस्त्री तिन्ही हजर झाले.

घर बंद करून निघताना गिझरचा एमसीबी पाडा, आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा आणि खालून टाकी रिकामी करा. सोलरचं उलट. त्याची टाकी भरलेली ठेवा आणि नळ्या झाका, नाहीतर वापर नसताना पाणी उकळत राहतं. यंदा आई महिनाभर मुंबईला आली तेव्हा आम्ही ताडपत्री सुंभाने बांधून आलो. भाणं तिने चिंचेने घासून, पालथं घालून ठेवलंय.