जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: पहिल्या आठवड्यात काय काय करायचं

अमळनेरच्या आमच्या नानांचा लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि विंडोज ११ ला लागणारा नवा प्रोसेसर त्यात नाही. मशीन मात्र ठणठणीत. असे लॅपटॉप भंगारात देऊ नका, त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, टाकून बघा. नानांच्या मशीनवर मी जे ज्या क्रमानं केलं, तेच इथे सांगतो.

एक गोष्ट आधीच बघून घ्या. टॅली विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर आहे. दुकानाचा किंवा सोसायटीचा हिशोब त्यावर असेल तर त्या मशीनवरचं विंडोज काढू नका.

मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम असेल तर काम आरामात होतं. सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई असे त्याचे तीन प्रकार मिळतात. मशीन जुनं असेल तर एक्सएफसीई घ्या, ते सगळ्यात हलकं. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरची फाइल तीन जीबीच्या आसपास असते. मोबाइलच्या रोजच्या डेटात ती मावत नाही, म्हणून कुणाकडे वायफाय असेल तिथे बसून उतरवून घ्या. मग ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या आणि रुफस किंवा एचर यांपैकी एक मोफत प्रोग्राम वापरून ती फाइल त्यावर चढवा. पेन ड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात असू द्या.

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना डेल, लेनोवो आणि एसरवर बहुधा एफ१२ दाबावं लागतं, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ९. मिंट थेट पेन ड्राइव्हवरूनच उघडतं, डिस्कला हात लागत नाही. इथे घाई करू नका, तासभर वापरून बघा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का, सगळं तपासा. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. इंटरनेट मिळालं की ड्रायव्हर मॅनेजर बऱ्याचदा हवा तो ड्रायव्हर (वायफायसारखा भाग चालवणारा प्रोग्राम) शोधून देतो.

पुढची पायरी सगळ्यात जोखमीची. इन्स्टॉल करताना विचारलं जातं, विंडोजच्या शेजारी ठेवायचं की डिस्क पुसून टाकायचं. शहाद्याला चुलतभावाच्या लॅपटॉपवर मी घाईघाईत पुसण्याचा पर्याय निवडला होता. त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो त्यातच होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. ते गेले ते गेलेच. तेव्हापासून फोटो, सातबाऱ्याच्या प्रती, बँकेची कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय मी इन्स्टॉलच्या बटणाला हात लावत नाही. विंडोज ठेवणार असाल तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू आहे का तेही बघा. चालू असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की (लांब आकडा) आधी कागदावर लिहून ठेवा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून हे काम पहाटे करा. बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असू द्या. लॅपटॉप गादीवर नको, थंड फरशीवर ठेवा, म्हणजे खालची हवा कोंडणार नाही. इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकची (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या जोडणीची) खूण करा, वेळ कोलकाता निवडा. पासवर्ड लक्षात राहील असा ठेवा, सॉफ्टवेअर टाकताना तो बहुधा विचारला जातो.

मिंट बसलं की स्वागताची खिडकी उघडते. तिथल्या पहिल्या पायऱ्यांमधून टाइमशिफ्ट उघडा आणि मशीनची एक नोंद घेऊन ठेवा. पुढे काही बिघडलं तर त्या दिवसाच्या स्थितीला परत येता येतं. तुमच्या स्वतःच्या फाइलींची प्रत मात्र त्यात नसते, ती वेगळीच ठेवावी लागते. मग अपडेट मॅनेजरमध्ये जाऊन जवळचा, जमल्यास भारतातला सर्व्हर निवडा आणि सगळे अपडेट होऊ द्या.

आता सॉफ्टवेअर. विंडोजवरची सवय अशी, की काही हवं असलं की नाव शोधायचं आणि जे संकेतस्थळ आधी दिसेल तिथून सेटअप उतरवायचं. ही सवय इथे सोडायची. ईएक्सईची फाइल मिंटवर तशी चालतही नाही. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, व्हीएलसी किंवा जिम्प असं नाव शोधा आणि तिथूनच घ्या. पुढचे अपडेट अपडेट मॅनेजरमधूनच येत राहतात. एकच सॉफ्टवेअर सिस्टिम पॅकेज आणि फ्लॅटपॅक (लागणारं सगळं सोबत घेऊन येणारं पॅकेज) अशा दोन रूपांत दिसलं तर आधी सिस्टिम पॅकेज घ्या, ते बहुधा कमी डेटा खातं. कुणी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) काही टाकायला सांगितलंच, तर पासवर्ड लिहिताना पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत, फार तर चांदण्या उमटतात. कीबोर्ड बिघडला असं समजू नका, तसाच लिहा आणि एंटर दाबा.

नानांची खरी अडचण मराठीची होती. त्यांनी लग्नपत्रिकेचा जुना मजकूर उघडला, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. "हाई काय व्हयनं रे भो?" ते घाबरलेच. मजकूर शाबूत होता. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. तो फॉन्ट जुन्या मशीनवरून आणा, त्याच्या फाइलवर दोनदा क्लिक करून इन्स्टॉल करा, मजकूर वाचता येतो. महत्त्वाचे कागद हळूहळू युनिकोडमध्ये (जुन्या फॉन्टशिवायही दिसणाऱ्या देवनागरीत) बदलून घ्या, आणि बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच जास्त होतात.

नवं लिहिण्यासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटवर जा, मराठी शोधा आणि इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाणित कळरचना, जोडा. लिबरऑफिसच्या (कागदपत्रं लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या) ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टची, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची, भाषा मराठी करा. तिथे देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीहून वेगळे ठरतात, म्हणून ते रायटर या त्याच्या लेखनाच्या भागातल्या बेसिक फॉन्ट्समध्ये एकदा नीट बसवा. झेरॉक्सच्या दुकानात छापायला देताना पीडीएफच द्या, म्हणजे तिथल्या मशीनवर ओळी हलत नाहीत.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला. पहिल्या दिवशी एकच शब्द घ्या: खान्देश. शिफ्टसह के म्हणजे ख, ई म्हणजे काना, व्ही म्हणजे न, डी म्हणजे हलन्त, ओ म्हणजे द, एस म्हणजे मात्रा, शिफ्टसह एम म्हणजे श. नानांना पहिल्यांदा पूर्ण मिनिट लागलं. पाचव्या दिवशी ते बोटांकडे न बघता लिहीत होते.